गंजलेले बोल्ट आणि जुन्या गाडीचे ब्रेक



मुरबाड, कल्याणकडून भाजीपाला घेऊन निघालेल्या गाड्या शीळफाट्यावरून महापेमार्गे तुर्भ्याच्या घाऊक बाजारात येतात. शीळफाटा सोडला की पारसिकच्या डोंगराचा चढ आणि पुढे महापेच्या बाजूस उतार लागतो. गाडीचे ब्रेक कसे आहेत याची परीक्षा रिकाम्या गाडीत होत नाही. ती माल भरलेल्या गाडीत, अशा उतारावर होते.

आपल्यापैकी अनेकांकडे जुनी जीप, टेम्पो किंवा ४०७ आहे. ब्रेक दुरुस्तीला घेतले की लायनर सहज मिळतात. काम अडते ते न सुटणाऱ्या एखाद्या बोल्टपाशी. मग पान्याला पाईप लावून जोर केला जातो, बोल्ट तुटतो आणि वेळ नाही म्हणून हाताला लागेल तो बोल्ट बसवून गाडी रस्त्यावर येते. खरा धोका येथे सुरू होतो. म्हणून गंजलेला बोल्ट न तोडता कसा सोडवावा व त्याच्या जागी काय बसवावे, याची माहिती पुढे दिली आहे.

बोल्ट का अडकतो?

लोखंडाला पाणी व हवेतील प्राणवायू मिळाला की गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. नट व बोल्टच्या आट्यांमधील बारीक फट त्याने भरून जाते आणि नट आवळल्यासारखा घट्ट होतो. मिठामुळे ही क्रिया फार वेगाने होते. महापे व ठाणे खाडीलगतच्या भागात हवा खारी व दमट, त्यात पावसाळ्याचे चार महिने चाकांवर चिखलपाणी. त्यामुळे किनाऱ्याकडील गाडीचे बोल्ट घाटावरील गाडीपेक्षा लवकर धरतात.

कामापूर्वीची तयारी

१) गाडी सपाट, कठीण जागेवर उभी करावी. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. भक्कम घोडी लावावी.

२) चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. काही जुन्या जीप व ट्रकच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. नट हलत नसेल तर तो गंजला आहे की आपणच उलटा आवळत आहोत, हे आधी पाहावे.

३) ड्रममधील धूळ फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसास घातक आहे. धूळ पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी.

बोल्ट सोडविण्याचा योग्य क्रम

प्रथम तारेच्या ब्रशने बाहेर दिसणारे आटे स्वच्छ करावेत. त्यानंतर गंज सैल करणारे तेल आट्यांच्या मुळाशी थोडे थोडे सोडावे. शक्य असल्यास हे काम आदल्या रात्री करावे. तेल बारीक फटीतून आत झिरपण्यास वेळ लागतो. दहा मिनिटांत गुण येत नाही म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. मधूनमधून बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत. त्या हादऱ्याने गंजाचा थर तडकतो व तेलाला वाट मिळते.

रॉकेल, डिझेल किंवा कोणतेही तेल लायनरवर वा सिलिंडरच्या रबरावर जाऊ देऊ नये. तेल प्यायलेला लायनर पकडत नाही आणि खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगते. असा लायनर धुऊन अथवा जाळून पुन्हा वापरू नये. त्या धुऱ्यावरील दोन्ही चाकांचे लायनर एकदम बदलावेत.

पाना सहाकोनी, घट्ट बसणारा वापरावा. उघड्या तोंडाच्या पान्याने डोके गोल होते. सुरुवातीस बोल्ट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा, मग सैल करावा. थोडा सुटला की पुन्हा आवळावा, तेल द्यावे, पुन्हा सोडावा. असे मागे-पुढे केल्याने गंजाचा भुगा बाहेर पडतो. एकाच दिशेने जोर लावल्यास बोल्ट पिळून तुटतो.

उष्णता कधी द्यावी?

तेलाने काम झाले नाही तर नट तापवावा, बोल्ट नव्हे. १२ मि.मी. भोकाचा नट ३०० अंश सेल्सिअसने तापविल्यास भोक सुमारे ०.०४ मि.मी. ने वाढते. ही वाढ अल्प वाटली तरी गंजाची पकड सुटण्यास ती पुरते. मात्र ब्रेक ऑईल, गंज काढण्याचे तेल, ग्रीस हे सर्व पेट घेणारे पदार्थ आहेत. म्हणून रबरी होज, सिलिंडर व ऑईलचा पाईप यांच्याजवळ ज्योत नेऊ नये. लाल होईपर्यंत तापविलेला बोल्ट मऊ पडतो. तो पुन्हा वापरू नये.

नट जाणारच असेल तर छिन्नीने किंवा हॅक्सॉने कापणे हेच स्वस्त पडते. बोल्ट आत तुटून राहिल्यास बरोबर मध्यभागी पंच मारून, लहान ड्रिलपासून सुरुवात करून तो काढावा लागतो. हे काम लेथच्या कारखान्यात करून घ्यावे. भोक वाकडे गेले तर पूर्ण भाग बदलावा लागतो.

हवा काढण्याचे निपल व पाईप

सिलिंडरवरील निपल आतून पोकळ असते, म्हणून चटकन तुटते. त्यावर जोर करू नये. ते तुटल्यास सिलिंडरच नवा घालावा. पाईपचा नट फिरविताना पाईपही पिळला जात असेल तर थांबावे. पिळलेला किंवा गंजून खड्डे पडलेला पाईप बदलावा. त्यावर डाग देऊन काम भागवू नये.

पुन्हा जोडणी करताना

१) गंजून बारीक झालेला बोल्ट पुन्हा बसवू नये. जुन्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. तो त्याच्या ताकदीचा दर्जा होय. त्याच दर्जाचा, त्याच आट्यांचा व लांबीचा बोल्ट घ्यावा. बिनआकड्याचा साधा बोल्ट ब्रेकला चालत नाही.

२) स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवीन घालावी.

३) ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उतारावर ब्रेक तापले की असे ऑईल उकळते, वाफ होते आणि पेडल खाली जाते. म्हणून सीलबंद डब्यातीलच ऑईल वापरावे व साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे.

४) हवा काढून झाल्यावर पेडल घट्ट लागते का पाहावे. प्रथम रिकामी गाडी मोकळ्या जागेत सावकाश चालवून तपासावी. चाकाचे नट ५० ते १०० कि.मी. नंतर पुन्हा आवळावेत.

ब्रेकचे काम स्वतःस येत नसेल तर जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे. परंतु काढलेले बोल्ट परत मागावेत आणि त्यांच्या जागी काय बसविले ते डोळ्यांनी पाहावे. दरवर्षी पावसाळा संपल्यावर ड्रम एकदा उघडून साफ केल्यास बोल्ट धरतच नाहीत. बोल्ट सुटेपर्यंत गाडी एक दिवस उभी राहिली तर एका खेपेचे नुकसान होईल. भरल्या गाडीचे ब्रेक उतारावर गेले तर होणारे नुकसान भरून निघत नाही.