नाव लागेपर्यंत : हेळव्याची वही

नातलगांच्या डीएनएवरून पकडल्या गेलेल्या कॅलिफोर्नियातल्या एका माजी पोलिसाची गोष्ट आज सांगणार होतो, ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो. शिराळ्याच्या पेठेत एका वाचकानं मला धरलं. म्हणाले, ‘अमेरिकेत ओहायोत मृत सापडलेल्या बिननावाच्या पोरीचं नाव डीएनएवरून सदतीस वर्षांनी लागलं म्हणता, मग वारणा नदीत सापडलेल्या बेवारस मृत माणसाचं का लागू नये? आपल्याकडं हेळवी आहे की!’

सुगी झाली की बेळगाव भागातून येणारा हेळवी ओसरीवर बसतो, खापरपणजोबाच्याही पलीकडची नावं घडाघडा वाचतो, नव्या पोरांची नावं चढवतो आणि धान्य घेऊन पुढच्या दारात जातो. अमेरिकेतले वंशावळ जुळवणारे हे ऐकून हरखतील. पण मी पाहिलेल्या वह्यांत बाप, मुलगा, नातू एवढीच रांग आहे. लेक नांदायला गेली की वहीतूनही गेली. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडं जातं, तेवढ्यापुरती ही वही उपयोगी. त्यावरून फार तर भावकी कळेल, माणूस कळणार नाही. आणि आमच्याकडं एकेक भावकी म्हणजे अर्धं गाव. मयत बाई असेल तर वाय नाहीच. ओहायोतली ती पोर, मार्सिया किंग, बाईच होती.

तिचा १९८१ सालचा रक्ताचा नमुना जपून ठेवला होता म्हणून २०१८ मध्ये जेडमॅच या डीएनए जुळवणाऱ्या संकेतस्थळावर तिचा नातलग सापडला. मात्र यंत्र फक्त किती टक्के जुळतं एवढं सांगतं. सख्खी चुलत, मामे, आते, मावस भावंडं सुमारे १२.५ टक्के जुळतात. नातं कोणत्या घरातून आलं ते कागदपत्रांतून शोधावं लागतं. तिकडचे शोधक निधनवार्तांवर जगतात, कारण त्यांत लेकींची सासरची आडनावं आणि गावं छापलेली असतात. आपली निधनवार्ता काय सांगते? ‘पश्चात दोन मुलगे, तीन मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ मोजदाद चोख, पण एकाही लेकीचं नाव नाही.

माझी भिस्त लग्नपत्रिकेवर आहे. दोन्हीकडचे आजोबा, मामा, निमंत्रकांची पलटण, नावापुढं गाव. आणि खाली बारक्या पोरांचं ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणजे त्या पोरांची आई वधूची बहीण. जी सोयरीक हेळव्याच्या वहीत नाही, ती इथं एका ओळीत छापलेली असते.

तरी एक गुंता उरतोच, साट्यालोट्याचा. दोन घरांनी एकमेकांच्या लेकी सुना म्हणून केल्या, तर त्या दोन जोडप्यांची मुलं एकमेकांशी २५ टक्के जुळतात. सावत्र भावंडंही तेवढीच, काका-पुतण्याही तेवढेच. त्यात मामाच्या मुलीशी लग्न करायची आपली जुनी हौस. नुसती बेरीज पाहणारा शोधक लांबच्या पाहुण्याला जवळचा ठरवून मोकळा होईल.

पण हे सगळं नमुना कुणाशी तरी जुळल्यानंतरचं. जुळवायचा कुणाशी? जेडमॅचवर बहुतेक युरोपीय वंशाची माणसं. बेपत्ता आणि अनोळखी मृतांच्या नमुन्यांची नोंद ठेवण्याची तरतूद असलेलं डीएनए विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, २०२३ मध्ये सरकारनं मागं घेतलं. त्यामुळं आपल्याकडं आधी नाव कळावं लागतं, मग चाचणी. पेण तालुक्यात मे २०१२ मध्ये जळालेले मानवी अवशेष मिळाले आणि तीन वर्षं बिननावाचे राहिले. २०१५ मध्ये मुंबई पोलिसांच्या तपासात शीना बोराचं नाव पुढं आलं, तेव्हा कुठं अवशेषांचा आईच्या नमुन्याशी मेळ घातला गेला. तिच्या खुनाचा खटला न्यायालयात आहे, म्हणून त्यात शिरत नाही. ओहायोत सगळं उलट झालं: नमुना आधी, नाव नंतर.

तर वारणाकाठच्या बेवारसाला तूर्त हेळवी पुरणार नाही. पुढच्या आठवड्यात कॅलिफोर्निया नक्की. दरम्यान कुणाच्या ट्रंकेत जुन्या लग्नपत्रिका असतील, विशेषतः मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या घरांतल्या, तर टाकून देऊ नका. मला बघायला हव्या आहेत.