शिआओलिनवर डोंगर कसा आला?

ऑगस्ट 2009 मध्ये तैवानला धडकलेलं मोराकोट टायफून वाऱ्याच्या हिशेबाने मध्यम ताकदीचं होतं. ‘वादळ मध्यम, म्हणजे धोकाही मध्यम’ हा सर्वांत जीवघेणा गैरसमज. टायफूनची वर्गवारी वाऱ्यावरून ठरते; डोंगर खाली येतो तो पावसाने. मोराकोट रेंगाळलं आणि नैर्ऋत्येचं मोसमी बाष्प ओढून घेत डोंगरांवर बरसत राहिलं. तिथल्या डोंगराळ अलिशानला 24 तासांत 1,600 मिमीहून जास्त पाऊस झाला. तुलनेसाठी: जुलै 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या तळिये गावावर दरड कोसळली, त्या पावसात महाबळेश्वरचा 24 तासांचा आकडा 594 मिमी होता.

‘झाडी दाट असेल तर डोंगर सुटत नाही’ हेही अर्धंच खरं. मुळं वरचे एक-दोन मीटर धरून ठेवतात, आणि उथळ दरडी त्यामुळे खरोखरच कमी होतात. झाडं तोडायला ही सबब नव्हे. पण दिवसेंदिवस मुरलेलं पाणी मुळांच्या कितीतरी खाली पोचतं. माती आणि भेगाळलेल्या खडकातल्या पोकळ्या भरल्या की आतल्या पाण्याचा दाब वाढतो. तो कणांना एकमेकांपासून रेटतो, त्यांची पकड सुटते. पाण्याच्या वजनाने डोंगर खचतो असं आपण म्हणतो, पण खरा घात बहुतेकदा हा दाब करतो. तो वरची सर थांबली म्हणून लगेच उतरत नाही. म्हणून ‘पाऊस ओसरला, चला घरी’ म्हणणं घाईचं. खोलवरची दरड तासांनी, कधी दिवसांनीही सुटते.

मोराकोटच्या त्या पावसात 9 ऑगस्टला सकाळी सहाच्या सुमारास तैवानमधल्या शिआओलिन गावामागच्या शिआनदू डोंगराचा प्रचंड भाग सुटला. बरीचशी घरं गाडली गेली. मलबा चिशान नदीत आडवा पडला, पाणी तुंबलं आणि थोड्याच वेळात तो बांध फुटून उरलंसुरलं गाव वाहून गेलं. 400 हून अधिक माणसं गेली.

राहिला नदीबद्दलचा समज: ‘पाणी उतरलं, संकट टळलं.’ पाऊस कोसळत असताना पात्र अचानक आटू लागलं, तर वरच्या अंगाला दरडीने नदी अडवली असण्याची शक्यता असते. तेव्हा पाणी बघायला काठावर जाऊ नये, नदीपासून दूर, उंच आणि पक्क्या जागी निघावं. उतारावर नव्या भेगा दिसल्या, झाडं कलली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा कालपर्यंत नीट लागणारं दार चौकटीत अडकू लागलं, तर सरकारी सूचनेची वाट न पाहता घर सोडावं, तेही उजेड असतानाच.