बागुलला तिखट चालत नाही

ऑस्ट्रेलियात लेकीकडे आले, त्या पहिल्याच आठवड्यात रात्रीच्या जेवणाला नातीनं पाचवं ताट मागितलं. घरात माणसं चार: लेक, जावई, ही साडेचार वर्षांची आणि मी. "कुणाला गं?" विचारलं, तर रिकाम्या खुर्चीकडे बोट. "बागुलला. आणि आजी, त्याला तिखट चालत नाही." लेकीनं काही न बोलता छोटी ताटली मांडून त्यात वरणभात वाढला. जावयांनी तर खुर्ची जरा पुढे सरकवून दिली. माझा घास तोंडातच राहिला.

मी उरणची. बत्तीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं, तरी रिकाम्या खुर्चीशी बोलणारं पोर पाहिलं की हात आधी मीठ-मोहरीच्या डब्याकडे जातो. धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं, तर तिनं आवाज खाली आणून विचारलं, "तिन्हीसांजेला पाण्याकडे नेलं होतंत का तिला?" नेलं होतं. लेक राहते ते पॉइंट कुक मेलबर्नच्या नैर्ऋत्येला, अगदी समुद्राला लागून. घरापासून जवळच चीथमची पाणथळ जमीन आहे. पूर्वी तिथं मिठागरं होती, आता काळे हंस आणि पाणपक्षी असतात. उरणची मिठागरं सोडून इतक्या लांब आले आणि पुन्हा मिठागरांपाशीच! पण बहिणीला यातलं काही सांगितलं नाही. ती तिकडे नारळ ओवाळत बसली असती.

खरं तर बागुल मीच पाठवला होता. गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर ही जेवेना, तेव्हा उरणहून मी दटावलं होतं, "जेव, नाहीतर बागुलबुवा येईल." तिनं त्यातला बुवा गाळला आणि बागुलला खरंच बोलावून घेतलं. तो पांढऱ्या रंगाचा आहे, त्याला अंधाराची भीती वाटते आणि दिवसा तो विमानांच्या म्युझियममध्ये राहतो. हे म्युझियम इथल्या हवाई दलाच्या तळावर आहे. १ मार्च १९१४ रोजी एरिक हॅरिसन यांनी ब्रिस्टल बॉक्सकाइट विमान इथूनच उडवलं, ते ऑस्ट्रेलियातलं पहिलं लष्करी उड्डाण. त्या हँगरमध्ये बागुल कुठं झोपतो, ते नातीनं मला बोटानं दाखवलं आहे.

इथले लोक याला 'इमॅजिनरी फ्रेंड' म्हणतात. आपल्याकडे भातुकली आहे, बाहुला-बाहुलीचं लग्न आहे, बाधा आहे, नजर आहे. पण घरच्या माणसासारखं ताट मागणाऱ्या या न दिसणाऱ्या मित्राला रोजच्या बोलण्यातला शब्द मला सापडला नाही. जनाबाईसोबत दळायला बसणारा विठोबा आठवला. पण त्याला काल्पनिक म्हणायची माझी हिंमत नाही.

लेकीनं मला मार्जोरी टेलर या मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम वाचायला दिलं. अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठात त्यांनी कितीतरी वर्षं या मित्रांचा अभ्यास केला. १९९९ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. २००४ च्या त्यांच्या एका अभ्यासात, सात वर्षांची होईपर्यंत ६५ टक्के मुलांनी कधी ना कधी असा सोबती केल्याचं दिसलं. ज्यांच्याशी मुलं जिवंत माणसासारखं वागतात ती बाहुल्या-अस्वलंही त्यात धरलेली आहेत. म्हणजे नात अल्पमतात नाही. मला जास्त पटलं ते पुढचं. टेलरबाई गंभीरपणे वही काढून विचारू लागल्या, की पोरंच त्यांना मध्येच थांबवून समजावत, हे खोटंखोटं आहे बरं का! ट्रायन्फी आणि न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या रीस यांनी साडेपाच वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगायला लावल्या. असे मित्र असलेल्या मुलांचा शब्दसंग्रह इतरांपेक्षा मोठा नव्हता, पण त्यांच्या गोष्टी अधिक भरलेल्या होत्या.

हे वाचताना मला पहिलीतला एक मुलगा आठवला. आमच्या मागच्या दारी हत्ती आहे, असं तो रोज सांगायचा. एक दिवस मी त्याला खोटं बोलतोस म्हणून बाकावर उभं केलं. त्यानंतर त्यानं हत्तीचं नाव काढलं नाही. हत्ती काय खातो, एवढं तरी विचारायला हवं होतं मी.

इथल्या वाचनालयात स्टोरीटाइम असतो. नात सतरंजीवर आणि मी शेल्फांपाशी. जॉन बर्निंगहॅम यांचं १९९१ चं 'अल्डो' तिथंच बसून वाचलं: एकटी मुलगी, घरात भांडणं, बाहेर मुलींची दांडगाई आणि पाठीशी भला मोठा ससा. ओळी मोजक्या, बाकी सगळं चित्रांत. त्यांच्याच १९७७ च्या शर्लीच्या पुस्तकात डाव्या पानावर समुद्रकाठी खुर्च्यांत बसलेले आईबाप, आईच्या सूचना चालूच. उजव्या पानावर शर्ली चाच्यांशी लढते आहे. ते पान उघडलं तेव्हा आमचं जेवणाचं टेबलच दिसलं मला. चित्रपुस्तकाची ही करामत गोष्टीच्या पुस्तकाला जमत नाही. शब्द मोठ्यांच्या बाजूनं बोलतात, चित्र मुलाच्या. आणि वाचता न येणारं पोर चित्रच वाचतं, त्यामुळे आधी त्यालाच खरं कळतं.

नातीला मात्र आवडला तो बन्यिप. बन्यिप म्हणजे इथल्या आदिवासींच्या कथांमधला पाणवठ्यातला राक्षस. मुलांनी खोल पाण्याकडे जाऊ नये म्हणून त्याची भीती घालत. आपल्या बागुलबुवाचा चुलतभाऊच! जेनी वॅग्नर यांनी लिहिलेल्या आणि रॉन ब्रुक्स यांच्या चित्रांच्या १९७३ च्या पुस्तकात तो चिखलातून वर येतो आणि भेटेल त्याला विचारतो, मी कोण? एक शास्त्रज्ञ मान वर न करताच सांगतो, बन्यिप नसतातच. या पानावर नात भयंकर चिडते. "बघ ना त्याच्याकडे!" असं ती शास्त्रज्ञाला ओरडून सांगते.

मॉरिस सेंडाक यांच्या १९६३ च्या प्रसिद्ध पुस्तकातल्या राक्षसांची हकीकत कळल्यावर मात्र मी जरा सावरून बसले. सेंडाक यांना आधी रानटी घोडे काढायचे होते, पण घोडे जमेनात. मग त्यांनी लहानपणी घरी येणारे परदेशातून आलेले काका-मावश्या काढले: गालगुच्चे घेणारे, पिवळ्या दातांचे, तुला खाऊनच टाकते म्हणणारे. परदेशातून आलेली म्हातारी या घरात कोण, ते सांगायला नको.

गेला आठवडा आम्ही बागुलचं पुस्तक करतोय. चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची असतात, कारण छापखान्यात १६ पानांचा एक फॉर्म धरतात, असे दोन. आम्ही आठ कागद मध्ये दुमडले, सुईदोऱ्यानं शिवले, की झाली बत्तीस. तीन पानं रंगवून झाली आहेत. शब्द मी मराठीत लिहिते, ती बागुलला इंग्रजीत समजावते.

पुढच्या महिन्यात मी उरणला परतते आहे. माझंही ताट रोज मांडायचं ठरलंय, बागुलच्या शेजारी. आजीला तिखट चालतं, हे नातीनं आईला दोनदा बजावून सांगितलंय.