पेढीचे दप्तर आणि निकामी डिस्क

पेढीचा जमाखर्च व पत्रव्यवहार ज्या नेटवर्क स्टोरेजच्या पेटीत साठविलेला असतो, तीत पुष्कळदा ‘रेड ५’ ही रचना योजिलेली असते. १९८८ साली बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी विशद केलेल्या या पद्धतीत माहितीबरोबर तिचा पडताळाही सर्व डिस्कांवर विखुरलेला असल्यामुळे, एक डिस्क निकामी झाली तरी तिच्यावरील मजकूर उरलेल्यांवरून गणिताने पुन्हा सिद्ध करता येतो, परंतु त्याच अवस्थेत दुसरी गेली की ते गणितच खुंटते. म्हणून पेटी बंद पडताच तिला नव्याने फॉरमॅट करण्याचा हुकूम कदापि देऊ नये. डिस्कांचा अनुक्रम नोंदवून, प्रत्येकीची सेक्टरनिहाय नक्कल जाणकाराकडून काढवून घ्यावी आणि जुळणीचा सारा खटाटोप त्या नकलांवरच करावा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. दप्तराची एक प्रत पेटीपासून अलग, अन्य जागी ठेवण्याची तजवीज आजच करावी.