ओट्यावरचा लिंबाचा डाग

स्वयंपाकघरातल्या काळ्या कडप्प्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली, की सकाळी तिथे पांढुरका, हाताला खरखरीत लागणारा डाग दिसतो. तो कितीही घासा, जात नाही. लिंबाच्या आम्लाने दगडच तेवढा खाल्लेला असतो. आंध्रातून येणारा कडप्पा आणि कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी शहाबादी फरशी, दोन्ही चुनखडकच.

पाऊसही हेच करतो, पण हजारो वर्षं घेऊन. पडताना हवेतला आणि मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पाणी किंचित आम्ल होतं. चुनखडकाच्या भेगेत शिरलं की थोडा दगड विरघळवून सोबत नेतं. भेग रुंदावते, म्हणून जास्त पाणी येतं, म्हणून आणखी रुंदावते. वर जमीन खचून खळगे पडतात, ओढे मधेच गडप होतात, खाली गुहा पोखरल्या जातात. अशा भूरूपाला कार्स्ट म्हणतात. नाव स्लोव्हेनियातल्या क्रास पठारावरून आलं.

इंग्लंडमधल्या यॉर्कशरातल्या मॅलमला हे भूरूप उघड्यावर पाहायला मिळतं. हिमनद्यांनी तिथली माती खरवडून नेली आणि खडक उघडा पडला. पाण्याने मग सांध्यासांध्यांत खोल चिरा पाडल्या. वरून पाहिलं तर एखाद्या गवंड्याने फरश्या बसवल्या आणि दरजा भरायच्या राहून गेल्या, असं वाटतं. चिरांमध्ये सावली आणि ओल टिकते, त्यामुळे वर उघडाबोडका दगड आणि आत नेच्यांची हिरवी पानं.

महाराष्ट्रात असं का नाही? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले आणि राज्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाखाली गेला. वणी, राजुरा, कोरपना या पूर्वेकडच्या टापूत चुनखडक उघडा आहे, पण त्याची ख्याती सिमेंटच्या कारखान्यांमुळे. गुहेची हौस असेल तर आंध्रातलं बेलम गाठावं: चुनखडकात पाण्याने कोरलेली तीन किलोमीटरहून लांब गुहा, 2002पासून पर्यटकांना खुली.

वसईचा दगड मात्र लाव्हाचाच. तुंगारेश्वर घ्या नाहीतर जीवदानीचा डोंगर, कार्स्ट शोधू नये. पाऊस याही पाषाणाला झिजवतो, पण चुनखडकाच्या मानाने फार सावकाश. पोर्तुगीजांनी हा दगड गोव्यापर्यंत नेला. तिथल्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागावरच्या कोरीवकामाचा पाषाण वसईचा. सोपाऱ्याला 1882 साली सापडलेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही अशाच पाषाणावर कोरलेला आहे. तुकडा मोडका आहे, पण बावीसशे वर्षांनंतरही अक्षरं लागतात.

तरीही कार्स्टची करामत विरार-नालासोपाऱ्यात पाहता येते, गळक्या इमारतीच्या पार्किंगमध्ये. सिमेंट चुनखडकापासूनच बनतं. गच्चीवर साचलेलं पाणी स्लॅबमधून झिरपताना त्यातला चुना घेऊन खाली येतं. थेंब छताला लोंबकळत असताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो, चुना घट्ट होतो आणि पेनातल्या रिफिलीएवढी पांढरी, पोकळ नळी खाली वाढू लागते. दिसायला गुहेतल्या लवणस्तंभाचीच भावंडं, पण रसायन थोडं उलटं: गुहेत हा वायू थेंबातून बाहेर पडतो, म्हणून चुना साठतो. शिवाय इथला वेग कितीतरी जास्त. गुहेत शेकडो वर्षांत होईल तेवढी वाढ स्लॅबखाली काही वर्षांतच दिसते. सोसायटीचा रंगारी दर दिवाळीला त्या नळ्या खरवडतो आणि वरून चुना मारतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग होत नाही तोवर त्या पुन्हा येणारच.