पिकअप वाहनांवरील शॉकअप आणि स्टिअरिंग स्टॅबिलायझर : निवड व बसवणूक
(साखरखेर्डा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात वसलेले साखरखेर्डा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना १७२४ च्या लढाईमुळे परिचित आहे. निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा येथे पराभव केला आणि दख्खनच्या राजकारणाची दिशा बदलली. आज या परिसराचे अर्थकारण सोयाबीन, कापूस आणि तूर यांवर उभे आहे. हा माल शेतातून मेहकर, चिखली किंवा जालन्याच्या बाजारापर्यंत नेण्याचे काम प्रामुख्याने एक-दीड टन क्षमतेच्या पिकअप वाहनांनी करावे, अशी स्थिती आहे. बैलगाडीची जागा या वाहनाने घेतली, परंतु वाट मात्र पुष्कळ ठिकाणी बैलगाडीचीच राहिली.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग वापरात आला. सिंदखेडराजा व मेहकर ही दोन्ही ठिकाणे या मार्गालगत आहेत. त्यामुळे सकाळी काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर चाकोरीतून हेलकावत चालणारे वाहन त्याच रात्री सिमेंटच्या सपाट मार्गावर वेगाने धावू लागते. दोन्ही ठिकाणी वाहनाकडून असणाऱ्या अपेक्षा परस्परविरुद्ध आहेत. मूळ शॉकअप झिजल्यावर बाजारातून दुसरे कोणते घ्यावेत आणि स्टिअरिंग थरथरू लागल्यास स्टॅबिलायझर बसवावा काय, हे प्रश्न येथील वाहनमालकापुढे वारंवार येतात. त्यांची यांत्रिक बाजू स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शॉकअपचे कार्य

'चांगले शॉकअप टाकले की गाडी जास्त माल उचलते' ही समजूत सर्वत्र आढळते. ती निखालस चुकीची आहे. वाहनाचा भार पाटे उचलतात; शॉकअप भार उचलत नाही. पाटा दबताना ऊर्जा साठवतो आणि ती परत देतो. ही परतीची ऊर्जा कोणी शोषली नाही, तर वाहन खड्ड्यानंतर कितीतरी वेळ वर-खाली होत राहील. शॉकअपच्या नळकांड्यात तेल असते. दट्ट्या हलला की ते तेल लहान छिद्रांतून व झडपांतून कष्टाने वाट काढते, आणि हालचालीच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. यालाच अवमंदन म्हणतात. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप कोमट लागतो, याचे कारण हेच.

या तत्त्वावरून एक साधी परीक्षा करता येते. दहा-पंधरा किलोमीटर खडबडीत रस्त्यावर वाहन चालवून थांबावे आणि चारही शॉकअपना जपून हात लावून पाहावा. तिघे उबदार असून एक थंडगार असेल, तर त्या एकाने काम करणे सोडले आहे, असे समजावे. मोटारीच्या बाबतीत बोनेट दाबून सोडण्याची जी परीक्षा करतात, ती पिकअपच्या मागील बाजूस फारशी उपयोगी पडत नाही. पाटे इतके ताठर असतात की माणसाच्या वजनाने ते हलतच नाहीत. टायरवर ठरावीक अंतराने पडलेले उथळ खळगे आणि दांड्याभोवतीचे ओले तेल ही अधिक विश्वसनीय लक्षणे होत. तेलाचा पुसट ओलावा मात्र दोष मानू नये.

टांग्याला पाटे असत पण शॉकअप नसे. पाट्यांचे एकमेकांवरील घर्षणच तेथे अवमंदनाचे काम करी. पिकअपच्या अनेक पानांच्या कमानीतही असे घर्षण काही प्रमाणात असते, आणि म्हणूनच निकामी शॉकअपवर वाहन महिनोन्महिने चालते व मालकाला काही जाणवत नाही.

रिकामे वाहन आणि भरलेले वाहन

पिकअपची खरी अडचण येथे आहे. मोटारीत चार माणसे बसली तरी तिचे एकूण वजन फार बदलत नाही. पिकअपच्या मागील चाकांवरील वजन मात्र रिकाम्या आणि भरलेल्या स्थितीत तिपटीने बदलू शकते. गणिताच्या सोयीसाठी असे मानू की एका मागील चाकावर पाट्यांच्या वरचे वजन रिकामे असताना ३०० किलो व भरल्यावर ९०० किलो आहे, आणि पाट्याची ताठरता प्रति मिलिमीटर ८० न्यूटन आहे. या स्थितीत रिकाम्या वाहनाचा मागील भाग सेकंदाला सुमारे २.६ वेळा आंदोलन पावेल, तर भरलेल्या वाहनाचा सुमारे १.५ वेळा. रिकाम्या गाडीत पाठ का ठेचते, याचे उत्तर या पहिल्या आकड्यात आहे.

आता रिकाम्या स्थितीत ०.३ अवमंदन गुणोत्तर देणारा शॉकअप घेतला, तर एका पूर्ण आंदोलनानंतर मूळ उसळीचा जेमतेम १४ टक्के भाग शिल्लक राहतो. तोच शॉकअप भरलेल्या वाहनावर ०.१७ एवढेच गुणोत्तर देतो आणि उसळीचा ३३ टक्के भाग उरतो. शॉकअप झिजून त्याची शक्ती निम्मी झाली असेल, तर भरलेल्या वाहनात हा शिल्लक भाग ५८ टक्क्यांवर जातो. म्हणजे पहिली उसळी संपण्याआधीच दुसरा खड्डा येतो आणि उसळ्या एकमेकींत मिसळू लागतात. पाट्यांचे घर्षण आणि मदतनीस पाटे यांमुळे प्रत्यक्षातील आकडे वेगळे येतील, परंतु दिशा हीच राहील. झिजलेल्या शॉकअपचा दोष रिकाम्या गाडीत लपतो आणि भरलेल्या गाडीत, वळणावर किंवा ब्रेक दाबताना, उघड होतो. चाक क्षणभर जमिनीवरून सुटले, तर त्या क्षणापुरता त्या चाकाचा ब्रेक नसल्यातच जमा आहे.

निवडीचे निकष

बाजारात मुख्यत्वे दोन रचना मिळतात. दुहेरी नळीच्या रचनेत कार्यनळीभोवती दुसरी नळी असून तिच्यात जादा तेल राहते. गॅसभरित प्रकारात तेलाच्या वर कमी दाबाचा नायट्रोजन असतो. एकेरी नळीच्या रचनेत तेल आणि उच्च दाबाचा वायू यांच्यामध्ये सरकता दट्ट्या असतो. सतत खडबडीत रस्त्यावर वेगाने चालताना तेल तापून त्यात फेस होणे, ही साध्या दुहेरी नळीची मर्यादा आहे. एकेरी नळी हा दोष बऱ्याच अंशी टाळते आणि उष्णताही लवकर बाहेर टाकते. परंतु तिची बाहेरची भिंत हीच दट्ट्याची कार्यनळी असते. गिट्टीचा दगड उडून तीवर पोचा पडला, तर दट्ट्या अडकतो आणि शॉकअप कायमचा जातो. दुहेरी नळीला तसाच पोचा पडला तरी ती बहुधा चालत राहते.

साखरखेर्डा परिसरातील कच्च्या व गिट्टीच्या वाटांचा विचार करता, गॅसभरित दुहेरी नळीचा शॉकअप हाच मालवाहू पिकअपसाठी योग्य पर्याय होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. महागडा एकेरी नळीचा शॉकअप लांब पल्ल्याच्या, वेगवान व पक्क्या मार्गावरील वाहनाला शोभतो. दांड्यावर रबरी किंवा पत्र्याचे आवरण असणे मात्र येथे अत्यावश्यक मानावे. काळी माती पावसाळ्यात दांड्यावर लेपासारखी बसते, वाळल्यावर कडक होते आणि प्रत्येक हालचालीत सील खरवडते.

'हार्ड' म्हणून विकला जाणारा शॉकअप घेताना विचारपूर्वक निर्णय घ्यावा. तो भरलेल्या वाहनाला साजेसा असला, तरी रिकाम्या फेरीत चाक खड्ड्यातून लवकर खाली येऊ देत नाही. लागोपाठच्या खड्ड्यांत पाटा दबलेल्याच स्थितीत राहतो आणि वाहन आदळू लागते. ज्याची परतीची फेरी नेहमी रिकामी असते, त्याने मूळ कंपनीच्या मूल्याच्या जवळपास राहावे.

देशात शॉकअपचे उत्पादन जुने आहे. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ मध्ये मुंबईत स्थापन झाली. त्यामुळे सुट्या भागांच्या बाजारात विश्वसनीय देशी माल सहज मिळतो. भंगार बाजारातील 'रिपेअर केलेले' शॉकअप मात्र टाळावेत. त्यांत वाटेल ते तेल भरून वेल्डिंग केलेले असते. तेलाचा दाटपणा बदलला की झडपांचे सारे गणित बदलते.

जादा पाटे आणि शॉकअपची लांबी

हंगामात माल अधिक भरता यावा म्हणून कमानवाल्याकडून एक-दोन जादा पाटे टाकून घेण्याची पद्धत रूढ आहे. याचा शॉकअपवर होणारा परिणाम फारच थोड्यांच्या लक्षात येतो. जादा पाट्यांमुळे रिकामे वाहन उंच उभे राहते. चेसिस आणि आस यांतील अंतर वाढल्याने जुना शॉकअप उभ्या स्थितीतच जवळजवळ पूर्ण ताणलेला असतो. चाक खड्ड्यात उतरले की त्याची लांबी संपते, दट्ट्या टोकाला आपटतो आणि आसाचे सारे वजन शॉकअपच्या डोळ्यावर लटकते. डोळा तुटणे, बुश फाटणे किंवा चेसिसवरील ब्रॅकेट उखडणे, हे याचेच परिणाम आहेत. दोष मात्र शॉकअप बनवणाऱ्याच्या माथी मारला जातो.

म्हणून शॉकअप घेण्यापूर्वी तीन मापे घ्यावीत : वाहन नेहमीच्या स्थितीत उभे असताना दोन्ही डोळ्यांतील अंतर, आस पूर्ण लटकता असतानाचे अंतर, आणि आस रबरी ठोकळ्याला टेकल्यावरचे अंतर. नवीन शॉकअपची मिटलेली लांबी तिसऱ्या मापापेक्षा थोडी कमी व उघडलेली लांबी दुसऱ्या मापापेक्षा थोडी अधिक असावी. कोनाचाही विचार करावा. शॉकअप उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला असेल, तर चाकापाशी त्याचे सुमारे तीन-चतुर्थांश अवमंदनच पोहोचते. ब्रॅकेट हलवून कोन वाढवणारा मिस्त्री नकळत शॉकअप 'मऊ' करत असतो.

स्टिअरिंग स्टॅबिलायझर

हा स्टिअरिंगच्या दांड्याला आडवा जोडलेला एक लहान शॉकअपच होय. त्याचे एक टोक चेसिसवर किंवा आसावर, तर दुसरे ड्रॅग लिंक किंवा टाय रॉडवर असते. चाकाला दगड लागला की स्टिअरिंगला बसणारा हिसका तो मंद करतो. ज्या वाहनांचा पुढील आस जुन्या जीपप्रमाणे अखंड व पाट्यांवर असतो, त्यांत एका चाकाचा आघात आसाद्वारे दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचतो आणि विशिष्ट वेगाला दोन्ही चाके डावी-उजवीकडे जोराने थरथरू लागतात. चालकाच्या हातातून चक्र निसटावे, इतकी ही थरथर भयंकर असू शकते.

येथेच सर्वांत मोठी गफलत होते. थरथरीचे मूळ किंगपिन, टाय रॉडचे टोक, चाकाची बेअरिंग, पाट्यांचे बुश, असंतुलित टायर किंवा बिघडलेला कॅस्टर कोन यांपैकी कशात तरी असते. स्टॅबिलायझर ती थरथर दाबून टाकतो. झीज तशीच वाढत राहते. काही महिन्यांनी स्टॅबिलायझर थकतो आणि थरथर पूर्वीपेक्षा अधिक जोराने परतते, तेव्हा टाय रॉडचा सांधा सुटण्याच्या बेतात आलेला असतो. म्हणून स्टॅबिलायझर घेण्याआधी चाके जमिनीवर असताना एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे व दुसऱ्याने खालून प्रत्येक सांध्याची ढिलाई पाहावी. त्यानंतर टायरमधील हवा, बॅलन्सिंग व अलाइनमेंट तपासावे. मागे जादा पाटे टाकल्याने रिकाम्या गाडीचे तोंड झुकते व कॅस्टर कमी होतो, आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटते. असे भरकटणे स्टॅबिलायझरने बरे होत नाही. तो चक्र मध्यावर आणून देणारे साधन नव्हे.

निवडीत एक बारकावा महत्त्वाचा आहे. उच्च दाबाच्या वायूचा डँपर येथे वापरू नये. वायूचा दाब दांड्याला सतत बाहेर ढकलतो; २० बार दाब व १२.५ मिलिमीटर व्यासाचा दांडा धरला, तर हे बल सुमारे २५ किलो वजनाइतके भरते आणि वाहन एका बाजूस ओढू लागते. साधा तेलाचाच डँपर घ्यावा. दोन डँपर लावण्याची हौस मालवाहू वाहनाला अनावश्यक आहे.

बसवणूक

वाहन सपाट व टणक जागी उभे करून चाकांना उटी लावावी. केवळ जॅकच्या आधारावर वाहनाखाली शिरू नये; चेसिस व आस दोन्ही स्टँडवर टेकवावेत. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडल्यास काम सुकर होते. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. दुहेरी नळीचा नवा शॉकअप दुकानात आडवा पडून असतो, त्यामुळे बसवण्यापूर्वी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढावा व दाबावा, म्हणजे कार्यनळीतील हवा निघून जाते. दांडा पक्कडीने कधीही धरू नये. त्यावरील एक ओरखडाही सील खाऊन टाकतो.

डोळ्यांचे बोल्ट प्रथम हातानेच लावावेत. अंतिम आवळणी वाहन चाकांवर उतरवून, त्याचे वजन पाट्यांवर आल्यानंतर करावी. आस लटकता असताना आवळल्यास रबरी बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहतो व लवकर फाटतो. गॅरेजमध्ये घाईपोटी वगळली जाणारी पायरी हीच आहे. आवळणीचे मूल्य त्या वाहनाच्या कार्यपुस्तिकेतून घ्यावे.

स्टॅबिलायझर बसवल्यावर चक्र दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहणे सक्तीचे समजावे. चाकांचे मूळ अडथळे लागण्यापूर्वी डँपरची लांबी संपत असेल, तर वळण अपुरे राहते किंवा दांडा वाकून स्टिअरिंग अडकते. ब्रेकच्या नळीला, टायरला वा पाट्याला तो कोठेही घासता कामा नये. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर क्लँप सरकला आहे काय ते पाहून सर्व नट पुन्हा तपासावेत.

कायद्याची बाजू

मूळ मापाचा शॉकअप बदलणे ही दुरुस्ती आहे. उंची किंवा भारक्षमता बदलणारे फेरफार मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येतात. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने जादा भारासाठी कलम १९४ खाली २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड ठरवला आहे. सोयाबीनच्या एका फेरीचे भाडे आणि ही रक्कम यांची तुलना वाहनमालकाने स्वतःच करावी. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक वाहनाखाली वाकतो, तेव्हा जादा पाटे व वेल्ड केलेली ब्रॅकेटे त्याच्या नजरेतून सुटणे कठीण असते. शॉकअपच्या खरेदीचे पक्के बिल, त्यावरील भाग क्रमांक आणि बसवल्याची तारीख वाहनाच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावी.