एक्स-रे नॉर्मल, तरी गुडघा का अडकतो? गादी आणि एमआरआयची गोष्ट

(भागाचा लेखी मजकूर, बोलण्यातली पुनरुक्ती काढून)

भरतीची तयारी करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "दादा, पळताना पाय मुरगळला, गुडघा सुजला. एक्स-रे नॉर्मल आला. तरी जिना उतरताना आत कट्ट होतं. झालंय काय?" मी दिवसा जळगावात एका सेंटरवर एमआरआय मशीन चालवतो, त्यामुळे माइकसमोर बसायच्या आधीच हा प्रश्न मला भेटलेला असतो. धुळे, पारोळा, अमळनेर, सगळीकडून पोरं येतात. कुणी कबड्डीतलं, कुणी आखाड्यातलं, बाकीची १६०० मीटरवाली.

आपल्याकडे पहिलं निदान घरचंच असतं: वाटी सरकली. मग तेल लावून चोळणं. पण वाटी असते पुढे, आणि अशा दुखण्यात गडबड बऱ्याचदा सांध्याच्या आत असते. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. अंगाचं वजन त्या पसरवून घेतात. पाऊल जमिनीत रोवलेलं आणि अंग गर्रकन वळलं, की गादी दोन हाडांत चिमटून फाटते. चढाई करणारा मध्यरेषेकडे उलटा फिरतो ना, तो क्षण.

हाडातलं कॅल्शियम किरण अडवतं, म्हणून एक्स-रेवर हाड दिसतं. गादी दिसतच नाही. म्हणजे 'नॉर्मल'चा अर्थ हाड मोडलेलं दिसत नाही, एवढाच. (तो एक्स-रे वाया गेला असं नाही भो, तेही कळायला लागतंच.)

एमआरआयमध्ये किरण नसतात, चुंबक असतं. १.५ टेस्लाचं मशीन म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण ३०,००० पट. शरीरातल्या पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन त्यात सिग्नल देतो, आणि त्या सिग्नलचं चित्र बनतं. गादी घट्ट विणीच्या तंतूंची, तिच्याकडून सिग्नल जवळजवळ येतच नाही. म्हणून धडधाकट गादी चित्रात काळ्याभोर त्रिकोणासारखी दिसते. फाटली, की त्या काळ्यात पांढरी रेघ उमटते. आता महत्त्वाचं ऐका: ही रेघ गादीच्या पृष्ठभागापर्यंत पोचली, तरच ती फाटलेली धरतात. रिपोर्टमधला 'ग्रेड १' किंवा 'ग्रेड २' म्हणजे रेघ आतल्या आत थांबली. पृष्ठभाग गाठते ती 'ग्रेड ३'. ग्रेड २ वाचून, मोबाइलवर शोधाशोध करून रडकुंडीला आलेली पोरं मी पाहिलीत.

याच मशीनमध्ये त्या पोराची आईही येते, आणि तिच्याही रिपोर्टमध्ये 'टिअर' हाच शब्द असू शकतो. अर्थ मात्र वेगळा. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम शहरात ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे एमआरआयने तपासले होते, २००८ साली ते छापून आलं. ज्यांची गादी फाटलेली दिसली, त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्याचा त्रासच झाला नव्हता! वयानुसार केस पिकतात, तशी गादीही झिजते. म्हणून डॉक्टर आधी गुडघा हातानं वाकवून, वळवून बघतात आणि मग चित्राशी ताडून पाहतात. नुसत्या कागदावर ऑपरेशन ठरवणं मला तरी पटत नाही.

पण गुडघा अडकून पाय सरळच होत नसेल, तर थांबू नका. फाटलेला तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून सांध्यात अडकलेला असू शकतो. अशा वेळी सराव बंद, चोळणं बंद, लगेच हाडांचे डॉक्टर. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

फाटलेली जागाही एमआरआयवर कळते. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, तिथलं फाटणं शिवता येण्याजोगं असतं. आतल्या कडेला रक्त पोचत नाही, तिथला तुकडा बहुधा छाटतात. पोरं विचारतात, "लवकर कशानं पळता येईल?" छाटल्यानं. शिवलं तर पळायला बहुधा चार-सहा महिने जातात, एखादी भरती हुकते. तरी शिवता येत असेल तर शिवून घ्या, असं मी म्हणेन. ब्रिटिश सर्जन फेअरबँक यांनी १९४८ मध्येच गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे मांडले होते: हाडांमधली फट अरुंद झालेली, कडेला हाड वाढलेलं.

आणि डॉक्टरांकडे जाताना फिल्म आणि सीडी दोन्ही न्या. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोत ती केसाएवढी रेघ दिसत नाही.